विकत घेतलेलं गाणं

लातुरात कुणाला सांगितलं की मी गाणं विकत घेतलं, तर समोरचा आधी तब्येतीची चौकशी करतो. प्लॉट घ्यावा, म्हैस घ्यावी, पोराला क्लास लावावा. गाण्याला कुणी पैसे देतं का? नांदेडच्या भाच्यानं तर फोनवरच झाडलं, "मामा, इकत कामून घेतलं? यूट्यूबला फुकट हाय की!"

तसे पैसे आम्ही पूर्वीही मोजलेत. गंजगोलाईच्या आसपास कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी देऊन यायची, दोन दिवसांनी 'निवडक' तयार. पुढं मोबाइलच्या दुकानांवर 'गाणी भरून मिळतील' अशा पाट्या आल्या. मेमरी कार्ड पुढं करायचं आणि "जुनी भरा" म्हणायचं. दुकानातला पोरगा आपल्या डोक्यावरचे पांढरे केस बघून ठरवायचा, याला लता द्यायची, कव्वाली द्यायची की भीमगीतं. पैसे त्याच्या भराईचे असायचे, गाणं फुकटच. गायकाला यातलं काही पोचायचं नाही आणि आपल्याला त्याचं काही वाटायचंही नाही.

रीतसर विकायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. फ्लिपकार्टनं २०१२ च्या सुरुवातीला 'फ्लाइट' नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं. दहा-पंधरा रुपयांना एक एमपीथ्री. २०१३ च्या जूनमध्ये त्याला टाळं लागलं. ज्या देशात भराई चालते, तिथं दुकान कसं चालावं?

तरीही मी बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावर एका मैफलीचं ध्वनिमुद्रण घेतलं. पैसे क्षणात गेले. गाणं कुठं गेलं ते मात्र शोधावं लागलं. ते सापडलं डाउनलोड्समध्ये, लाइट बिल, सातबारा, हॉल तिकीट आणि तीन लग्नपत्रिकांच्या गर्दीत, झिप बांधून बसलेलं. झिप सोडवली तर आत फ्लॅक फाइली. सीडीच्या दर्जाचा आवाज कच्चा ठेवला तर मिनिटाला सुमारे दहा एमबी लागतात. फ्लॅक त्याची निम्म्याच्या आसपास घडी घालतं, पण सूर एकही गाळत नाही. उत्तम एमपीथ्री अडीच एमबीत भागवतं आणि कानाला कळणार नाही अशा बेतानं थोडं टाकून देतं. घराण्याची अब्रू म्हणून घेतानाच मी फ्लॅक निवडलं होतं. जुन्या संगणकातल्या प्लेयरनं त्याला ओळखच दाखवली नाही.

मग व्हीएलसी. पॅरिसच्या एका कॉलेजातल्या पोरांच्या प्रकल्पातून निघालेला हा प्लेयर काहीही वाजवतो. रस्त्यावरचे शंकू गोळा करायचा त्या पोरांना नाद होता, म्हणून त्याची खूणही नारिंगी-पांढरा शंकू. लातूर-नांदेड रस्त्यानं जाणाऱ्याला हा शंकू परका नाही. तो दिसला की थांबायचं, वाट बघायची, पुढं कधीतरी मार्ग मिळतो. इथंही मिळाला.

गाडीतल्या स्टिरिओला मात्र फ्लॅक चालेना. अब्रू बाजूला ठेवून एमपीथ्री केलं, पेनड्राइव्हवर घेतलं आणि भाच्याकडं निघालो. विलंबित ख्याल असा रंगला की चाकूर कधी आलं कळलं नाही. तो संपला आणि थेट भैरवी सुरू! फाइलींना नुसते आकडे होते आणि स्टिरिओच्या हिशेबात एकानंतर दहा येतात, दोन त्यांच्या मागून. भैरवी झाली की श्रोत्यानं उठायचं असतं. धावत्या गाडीत उठणार कुठं?

एवढा उपद्व्याप कशासाठी? महिन्याचे पैसे भरून ऐकायच्या ॲपात यातलं काहीच करावं लागत नाही. पण ते भाड्याचं घर. नळ गळला तर मालक बघतो, आणि भाडं थकलं की सामान बाहेर. कंपनीचा करार संपला की कालपर्यंत वाजणारं गाणं आज यादीत करडं पडतं. विकत घेतलेल्या फाइलीचा नळ आपणच दुरुस्त करायचा. पण लोह्याच्या अलीकडं रेंज जाते तिथंही ती गाते. आणि गायकाला त्याचे पैसे पोचलेले असतात, त्यामुळं दाद द्यायला तोंड राहतं.

नांदेडात भाच्याला गाडीत बसवून ऐकवलं. गोदावरीच्या पुलापर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "मामा, फॉरवर्ड करा की." आता आली का पंचाईत! नाही म्हणावं तर मामा कंजूष, हो म्हणावं तर पुन्हा भराईचं दुकान. मी फाइल न देता लिंक पाठवली. त्यानं अंगठा दाखवला. विषय मिटला असं धरून मी लातूर गाठलं.

रात्री त्याचा फोन आला. आवाज त्रासलेला. "मामा, पैसे तर गेले. ही झिप कशानं उघडायची?"

इतका आनंद मला त्याच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता.