आमचं सगळ्यांचं हेच म्हणणं!

परळच्या चाळीत संशोधक आले की आधी सतरंजी पडते, मग चहा येतो आणि मग मंडळाचे अध्यक्ष येतात. समाजशास्त्रात याला गटमुलाखत म्हणतात. एका बैठकीत दहा जणांची मतं आणि टॅक्सीभाडं एकदाच. प्रबंधाचे मार्गदर्शकही खूश.

पद्धत टाकाऊ नाही बरं का. गिरणी संपाचा विषय काढा. एक आजोबा म्हणतात, "संप रविवारी सुरू झाला." दुसरे लगेच झापतात, "१८ जानेवारी १९८२, सोमवार! रविवारी कसला संप करतोस?" तिसऱ्यांना बोनसचा वाद आठवतो, चौथ्यांना घाटकोपरला संपाचे नेते दत्ता सामंतांच्या दारात जमलेली गर्दी. एक विसरला की दुसरा भर घालतो. एकट्याला गाठून हे मिळत नाही.

आता पुढचं विचारा. संप चालू असताना कामावर कोण कोण गेलं? सतरंजीवर एकमत: कुणीच नाही! सुमारे अडीच लाख कामगारांचा संप, पण संपफोड्या म्हणून एकही माणूस सापडत नाही. सापडतो तो नंतर, जिन्यात. "पोरीचं लग्न ठरलं होतं हो, म्हणून गेलो आत." तोवर रेकॉर्डर बंद झालेला असतो. आणि ज्या मावशींनी तेव्हा उधारीवर खानावळ चालवली, त्या चहाचा ट्रे घेऊन दारातच उभ्या. विचारलं तर म्हणतात, "हे सांगतील ना."

गंमत पाहा. १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं कापड धंद्यात एकाच प्रातिनिधिक संघटनेला सगळ्यांच्या वतीनं बोलायचा हक्क दिला. तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. १९८२चा संप पगार-बोनससाठी होता, तसा या 'सगळ्यांच्या वतीनं'च्या विरोधातही होता. आणि त्याच संपाचा अभ्यास करायला आलेले विद्वान अध्यक्षांनाच सगळ्यांच्या वतीनं बोलू देतात! नीरा आडारकर आणि मीना मेनन यांच्या गिरणगावच्या मौखिक इतिहासात माणसं आपापल्या तोंडानं बोलतात. ते पुस्तक चाळायला टॅक्सीभाडंही पडत नाही.

तेव्हा संशोधकहो, तारखा सतरंजीवर विचारा, आत कोण गेलं ते जिन्यात विचारा आणि खानावळीचा हिशेब मावशींना. अध्यक्षांना काहीच विचारू नका. ते सांगतीलच.