मुदत संपलेल्या भोजनाची कैफियत

अतिथीस भोजनास बोलावण्याची जी रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिली, तीत अक्षत, आग्रह आणि पंगत या तीन गोष्टींचा विचार अतिशय बारकाईने केलेला आढळतो. परंतु अटी व शर्ती ही चौथी गोष्ट त्या भाबड्या लोकांना सुचली नाही, आणि तेवढ्यापुरते त्यांचे आतिथ्यशास्त्र अपुरे राहिले हे मान्य करणे भाग आहे. ती उणीव आता भरून निघाली आहे. नागपुरात धरमपेठेपासून सदरपर्यंत ज्या कोणा उपाहारगृहाला काचेचे दार आणि त्या दारावर एक गणवेशधारी दरवान परवडतो, त्याच्या गल्ल्यावर हल्ली गिफ्ट व्हाउचर नावाचा एक गुळगुळीत दस्तऐवज बहुधा विकत मिळतो. आणि जावयाला काय द्यावे, निवृत्त होणाऱ्या साहेबांना काय द्यावे, या विवंचनेने ज्यांची झोप उडालेली असते असे सज्जन तो विकत घेऊन आपली विवंचना पुढच्या मनुष्याच्या हवाली करतात.

असेच एक दोन हजार रुपयांचे व्हाउचर महालात राहणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांच्या हाती ऐन वैशाखात पडले. या गृहस्थांची सारी हयात महसूल खात्यात गेलेली असल्यामुळे, कोणताही कागद समोर आला की पुढचा मजकूर सोडून आधी मागचा शेरा वाचावा, हा संस्कार त्यांच्या हाडीमासी खिळलेला आहे. त्यांनी भिंग मागवले आणि वाचन सुरू केले. मजकूर कागद 90 दिवसांपर्यंतच ग्राह्य राहील. शनिवार, रविवार, सणवार, सुट्ट्या आणि या सर्वांचे आदले दिवस वर्ज्य समजावेत. रात्रीच्या भोजनास तो लागू नाही. संपूर्ण रक्कम एकाच बिलात खर्ची पडली पाहिजे, उरल्यास परत मिळणार नाही आणि कमी पडल्यास पदरची भरावी लागेल. कर वेगळा, पेये वेगळी, मिष्टान्न वेगळे. कागद गहाळ झाल्यास दुसरा मिळणार नाही. वरील शर्तींत पूर्वसूचनेवाचून फेरफार करण्याचा हक्क व्यवस्थापनाने राखून ठेवला आहे. आणि तंटा उद्भवलाच तर तो मुंबईच्या न्यायालयातच चालेल. आमच्या स्नेह्यांनी पंचांग काढले, शुक्रवार हा शनिवारचा आदला दिवस म्हणून बाद केला, आणि निष्कर्ष काढला, तो असा की, ज्या घटकेस पारा 45 अंशांपलीकडे गेलेला असतो आणि शहाणा नागपूरकर कूलरच्या वाळ्यासमोरून हलत नाही, त्या ऐन दुपारी, सोमवार ते गुरुवार, खिशात कांदा ठेवून घराबाहेर पडण्याची ज्याची तयारी असेल, त्याच्यापुरतेच हे आतिथ्य खुले आहे.

या दस्तऐवजाचे खरे स्वरूप ओळखण्यासाठी फार दूर जावयास नको. इतवारीतील सराफ्याचा जुना व्यवहार आठवला तरी पुरे. सराफांची हुंडी दोन प्रकारची असे, दर्शनी आणि मुदती: पहिली दाखवताच पैसे मिळत, दुसरीचे मुदत भरल्यावर. म्हणजे मुदत संपणे ही गोष्ट घेणेकऱ्याच्या आनंदाची आणि देणेकऱ्याच्या तारांबळीची होती, आणि जो सराफ त्या दिवशी हुंडी सकारत नसे त्याची पत दुसऱ्या दिवशी बाजारात उरत नसे. व्हाउचर हीही वस्तुतः हुंडीच आहे. पैसे आगाऊ घेतलेले आहेत, देणे लागत असल्याची कबुली छापील आहे, मालकाचा शिक्का आहे. फरक एवढाच की येथे मुदत संपली म्हणजे देणे फिटते! ज्याने कर्ज घेतले त्यानेच ते केव्हा, कोणत्या वारी, कोणत्या प्रहरी आणि कोणत्या पदार्थांच्या रूपाने फेडावयाचे हे ठरवावे, आणि ठरलेल्या दिवसापर्यंत सावकार दारात येऊन न थडकल्यास मुद्दलच गिळंकृत करावे, ही युक्ती आमच्या कोणत्याही कुळाला सुचली असती तर सावकारी नियंत्रणाचे कायदे करण्याचा सरकारचा केवढा तरी त्रास वाचला असता.

काचेचे दार नसलेल्या खाणावळी मात्र याबाबतीत अजून मागासलेल्याच राहिल्या आहेत. शिक्षणासाठी गावाकडून आलेल्या आणि महिन्याचे पैसे आगाऊ भरलेल्या मुलाने ‘येणार नाही’ असे दोन दिवस आधी सांगितले, की खाणावळीच्या वहीत त्याचा खाडा धरला जातो आणि न जेवलेले जेवण हिशेबात वजा होते. ज्या खाणावळवाल्या बाईला अटी व शर्ती छापून घेण्याइतकी ऐपत नाही, तिला न वाढलेल्या अन्नाचे पैसे घेऊ नयेत हे कळते. शिक्षणाचा प्रसार म्हणतात तो बहुधा उलट्या दिशेने होत असावा.

मालकांची बाजू ऐकून घेतली पाहिजे, नाहीतर आमच्यावर एकतर्फी निवाड्याचा आरोप येईल. ते म्हणतात, महागाई रोज वाढते, तेव्हा जुना कागद आम्ही किती काळ सकारावा? युक्तिवाद ऐकावयास गंभीर आहे, पण व्हाउचरावर रुपये लिहिलेले असतात, थाळ्या नव्हेत. महागाईने झिजतात ते ग्राहकाचे रुपये. मालक दर वाढवतो, आणि दोन हजारांत पूर्वी चौघे जेवत तेथे तिघे जेवतात. तेव्हा ज्याची झीज होते तो मुकाट्याने बसला आहे आणि ज्याची होत नाही तो विव्हळतो आहे, असा हा देखावा आहे.

शासनाचे म्हणाल तर त्याने या वस्तूचे चिंतन थेट उपनिषदांच्या पातळीवर नेले आहे. डिसेंबर 2024 मध्ये जैसलमेर येथे वस्तू व सेवा कर परिषदेची 55 वी बैठक भरली. तीच बैठक, जिच्यानंतर मिठाचे पॉपकॉर्न आणि कॅरॅमलचे पॉपकॉर्न यांतील करभेदावर देशभर मीमांसा झाली. त्याच बैठकीत असा निर्णय झाला की व्हाउचरचा व्यवहार हा वस्तूचा पुरवठा नाही आणि सेवेचाही नाही. नेति नेति! शिवाय जे व्हाउचर कोणी वापरलेच नाही, त्याच्यापोटी उपाहारगृहाच्या मालकाकडे राहिलेल्या रकमेवरही हा कर नाही, कारण काही पुरवलेच गेले नाही. तर्क निर्दोष आहे. ग्राहकाला काहीच मिळाले नाही हे सरकारने अधिकृतरीत्या मान्य केले, आणि त्या सात्त्विक भावनेने स्वतःही काही घेतले नाही. जे काही राहिले ते एकट्या मालकाकडे राहिले.

रिझर्व्ह बँकेने 2021 च्या आपल्या निर्देशांत आगाऊ पैसे भरलेल्या साधनांना किमान एक वर्षाची मुदत बंधनकारक केली, आणि मुदत सरण्यापूर्वीच्या 45 दिवसांत धारकास वेळोवेळी सावध करावे असेही फर्मावले. परंतु जो कागद ज्या दुकानाने काढला त्याच दुकानात चालतो, त्याला रिझर्व्ह बँकेच्या परवानगीची गरज नाही आणि म्हणून हे नियमही त्याला शिवत नाहीत. परिणामी बँकेचे भेटकार्ड वर्षभर जगते आणि उपाहारगृहाचे व्हाउचर पावसाळ्यातील किड्याचे आयुष्य घेऊन जन्मास येते. अमेरिकेसारख्या व्यापारप्रधान राष्ट्रानेही 2009 साली कायदा करून भेटकार्डांस निदान पाच वर्षांची हमी दिली. आमच्याकडे तेवढा भौतिकवाद नाही.

तरीही ग्राहक अगदीच निराधार नाही, आणि येथे थोडा वेळ उपहास बाजूस ठेवणे इष्ट. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली ती याच महाराष्ट्रात. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, 1986 मध्ये आला, आणि त्याची जागा 2019 च्या कायद्याने घेतली. या नव्या कायद्यात ग्राहक म्हणजे केवळ पैसे मोजणारा नव्हे. त्याच्या संमतीने सेवेचा लाभ घेणाराही ग्राहकच. म्हणून ज्याला व्हाउचर भेट मिळाले त्याला ‘तुम्ही कुठे पैसे दिले?’ असे गल्ल्यावरून विचारणे हे उद्धटपणाचे तर आहेच, पण कायद्याला धरूनही नाही. फिर्याद जिथे ग्राहक राहतो वा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात रुजू करता येते, मग कागदाच्या पाठीवर मुंबई छापलेली असो वा लंडन. दाव्यातील मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मात्र एक गंमत कायद्यानेही राखून ठेवली आहे. शर्तच मुळात अन्यायकारक आहे, करारच एकतर्फी आहे, अशी तक्रार असेल तर ती जिल्हा आयोगापुढे चालत नाही. त्यासाठी राज्य आयोगाची पायरी चढावी लागते. दोन हजारांच्या जेवणासाठी राज्य आयोग! सुदैवाने त्याचे खंडपीठ नागपुरातही बसते, त्यामुळे विदर्भाच्या माणसाला निदान या भोजनासाठी मुंबईचे तिकीट काढावे लागत नाही.

राष्ट्रीय ग्राहक दिन 24 डिसेंबरला येतो, आणि ज्या महिन्यात विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते तोही हाच. अधिवेशनाच्या काळात सारे राज्यकर्ते शहरातल्या उपाहारगृहांत जेवत असतात आणि गर्दीमुळे व्हाउचर नेमके त्याच काळात चालत नाही, हा योगायोग त्यांच्या नजरेस आणून देण्याचे काम पोळ्याच्या पाडव्याला निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीवर सोपवावे असे आम्हांस वाटते. महागाईचे आणि भ्रष्टाचाराचे पुतळे, म्हणजे बडगे, नागपूरकरांनी पुष्कळ मिरवले. एखादा बडगा अटी व शर्तींचाही व्हावा, फक्त त्याच्या पाठीवरचा मजकूर लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहावा.

आमच्या स्नेह्यांचे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. ते नव्वदाव्या दिवशी गेले. ‘आज सिस्टीम बंद आहे, व्हाउचर घेता येणार नाही,’ असे उत्तर मिळाले. त्यांनी वाद घातला नाही, आवाज चढवला नाही. खिशातून पेन काढले, व्हाउचर उलटे केले आणि एवढेच म्हणाले, ‘हरकत नाही. नकाराचा शेरा मारा, तारीख, वेळ, नाव, हुद्दा लिहा आणि सही करा.’ मॅनेजरने पेनाकडे पाहिले, आत जाऊन कोणाला तरी फोन केला, आणि सिस्टीम पाच मिनिटांत सुरू झाली. पनीर खारट होते, असे ते सांगतात.

वाचकहो, तुमच्याही खणात असा एखादा मेलेला कागद पडला असेल तर तो फाडू नका. दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढा, खरेदीची पावती शोधा, नकार लेखी मागा, आणि 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. व्हाउचरची मुदत 90 दिवसांची असेल. पण तक्रारीचे कारण घडल्यापासून फिर्याद रुजू करण्याची मुदत कायद्याने दोन वर्षांची ठेवली आहे, आणि तिला शनिवार, रविवार व सणवार वर्ज्य नाहीत.