आडोसा कुणाचा घ्यावा

माजलगाव तालुक्यातल्या आमच्या दिंद्रुडला अनोळखी माणूस एस.टी.तून उतरला की चहा पुढ्यात यायच्या आत त्याला तीन प्रश्न विचारले जातात. कोणत्या गावचे? कुणाकडं आलाव? काय काम काढलं? तिसऱ्याचं उत्तर ऐकून घ्यायच्या आधीच विचारणारा सांगून मोकळा होतो, "ते घरी नाहीत, सकाळीच परळीला गेलेत." लोकेशन वगैरे चालू करायची गरज आमच्याकडं कधी पडली नाही. मुकादमाकडून कुणी किती उचल घेतली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं नाही, कुणाच्या पोरीला बघून गेलेल्या पाहुण्यांनी अजून निरोप का धाडला नाही, हे सगळं गावाला तोंडपाठ असतं.

अशा गावात राहून इंटरनेटवरच्या खासगीपणाची काळजी वाहायची म्हणजे जरा हसण्यावारी जाणारी गोष्ट. पण त्यात एक फरक आहे. गावाला माझं जेवढं माहीत, तेवढंच मलाही गावाचं माहीत असतं. फिट्टंफाट. इंटरनेटवर ज्यांना माझी माहिती आहे, त्यांच्या बोअरला पाणी लागलं की नाही हे मला कधीच कळत नाही.

पीकविम्याच्या दिवसांत ऑनलाइन कामं करणाऱ्या कुठल्याही दुकानात जाऊन उभं राहा. "काका, ओटीपी आला का?" काका मोबाइल हातभर लांब धरतात आणि मेसेज पहिल्या अक्षरापासून मोठ्यानं वाचायला लागतात. हा क्रमांक कोणालाही सांगू नका, हेही वाचतात. आणि मग खणखणीत आवाजात सहाही आकडे सांगतात. मागच्या एखाद्याला नीट ऐकू आलं नाही तर तो "शेवटचा सात का नऊ?" म्हणून विचारून घेतो. दुकानातल्या पोराच्या व्हॉट्सॲपवर अर्ध्या गावाचं आधार, सातबारा आणि पासबुकाचं पहिलं पान असतं. पोरगं प्रामाणिक आहे, एवढीच आपली सायबर सुरक्षा. बिघडलेल्या झेरॉक्स पाठकोऱ्या म्हणून गाड्यावर जातात. शेंगदाणे संपेस्तोवर पुडीवरचा कुणाचा तरी आधार क्रमांक वाचून होतो.

आधारची सुरुवातही आपल्याच राज्यातली. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले क्रमांक दिले गेले. त्याच आधारविरुद्ध न्यायमूर्ती पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांनी 2012 साली याचिका केली आणि 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. निकाल मोठाच. शेंगदाण्याच्या पुडीपर्यंत तो अजून पोचायचाय.

हे सगळं डोक्यात आलं ते शेजारच्या पोरामुळं. पोरगं इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत त्यानं दूध संकलनाचा हिशेब करणारा प्रोग्राम लिहायला घेतला होता. लिटर, फॅट, दर आणि दहा दिवसांचं बिल. प्रोग्राम काही चालेना. मदत मागायची तर जगभरचे प्रोग्रामर एकमेकांच्या अडचणी सोडवतात अशा ठिकाणी जायचं. पण प्रश्न फारच साधा निघाला आणि वर्गातल्या कुणी पाहिला तर? म्हणून त्यानं टोपणनाव घेतलं. त्यात वावगं काही नाही. जयवंत दळवी 'ठणठणपाळ' म्हणून लिहीत होते आणि वाचकांचं खऱ्या नावावाचून काही अडलं नाही. पण पोराचं तेवढ्यानं समाधान होईना. त्यानं कुठला तरी फुकटचा अनामिक प्रॉक्सीही शोधून काढला.

कॉलेजात गेलेल्यांना प्रॉक्सी समजावून सांगायला नको. हजेरीला आपल्या नावानं दुसराच 'येस सर' म्हणतो, ती. इथं नेमकं उलट होतं. बोलतो आपण, हजेरी लागते त्याची. आपलं म्हणणं आधी मधल्या सर्व्हरकडं जातं, तो ते स्वतःच्या पत्त्यावरून पुढं धाडतो आणि समोरच्याला तोच पत्ता दिसतो. छान आहे. फक्त एवढंच, की ज्याच्या आड आपण लपलो त्याला आपण कोण आणि कुठं चाललो हे पक्कं ठाऊक असतं. साइट एचटीटीपीएसवाली, म्हणजे मजकूर कुलपात घालून धाडणारी, नसेल तर आपण काय लिहिलं तेही तो वाचू शकतो. सर्व्हर चालवायला वीज लागते, पैसे लागतात. ते तो कुठून काढतो, हे फुकटवाल्याला कुणी विचारत नाही.

बरं, मधला माणूस सज्जन असला तरी भागत नाही. फिनलंडमध्ये योहान हेल्सिंगियस नावाच्या गृहस्थानं 1993 साली निनावी पत्रं पुढं धाडणारा सर्व्हर चालू केला. लाखो लोकांनी त्याचा आडोसा घेतला. 1995 मध्ये सायंटॉलॉजी चर्चच्या तक्रारीवरून पोलीस वॉरंट घेऊन दारात आले आणि त्याला एकाचा खरा पत्ता द्यावा लागला. पुढच्या वर्षी त्यानं दुकानच बंद केलं. आपल्याकडं सायबर सुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या सर्ट-इननं 28 एप्रिल 2022 ला फर्मान काढलं, की व्हीपीएनवाल्यांनी, म्हणजे असाच मधला आडोसा विकणाऱ्यांनी, गिऱ्हाइकांची नावंपत्ते पाच वर्षं जपून ठेवावेत. तेव्हा काही बड्या कंपन्यांनी इथले सर्व्हरच उचलून नेले. लपवणाऱ्यानंच वही ठेवायची म्हटल्यावर दुसरं काय होणार!

महानुभावांना ही गोम शेकडो वर्षांपूर्वीच कळली होती. आपले ग्रंथ त्यांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि किल्ली पंथाच्या माणसांपाशीच ठेवली. हे नेमकं कशासाठी केलं यावर विद्वानांत वाद आहेत, ते त्यांचे त्यांना लखलाभ. विसाव्या शतकात राजवाडे, भावे यांच्यासारख्या अभ्यासकांमुळं ही अक्षरं उलगडली, तोवर बाहेरच्याला ती काही वाचता आली नाहीत. मधे तिऱ्हाईत नव्हता ना.

तर पोरानं टोपणनाव घेतलं, प्रॉक्सी लावला आणि प्रश्न टाकला. सुरुवातीला रीतसर नमस्कार, शेवटी आगाऊ आभार. तिकडच्या मंडळींना हे चालत नाही, कुणीतरी दोन्ही छाटून टाकलं. आमच्याकडं पान्हा मागायला गेलं तरी आधी पावसापाण्याचं बोलावं लागतं. असो. प्रश्नाखाली त्यानं पायथॉननं दाखवलेली चूक जशीच्या तशी चिकटवली होती. त्यात फाइलचा अख्खा रस्ता होता: सी ड्राइव्ह, युजर्स, पुढं पोराचं आडनावासकट नाव, डेस्कटॉप, आणि फोल्डर 'दिंद्रुड दूध फायनल फायनल 2'. शिवाय अख्खा प्रोग्राम होता. त्यात डेटाबेसचा पासवर्ड होता, म्हणजे आईचं नाव आणि पुढं 123. खातेदारांची नावं आणि कुणाचं किती बिल थकलंय तेही होतं.

उत्तर कुठल्या तरी परक्या देशातून आलं. दोनच ओळींचं. कीबोर्डवरून घेतलेला आकडा पायथॉन मजकूर समजतो, गुणाकाराआधी तो संख्येत बदलून घे. आणि पासवर्ड आजच बदल.

मला विचाराल तर त्या पोराला प्रॉक्सीची गरजच नव्हती. त्यानं प्रोग्राम कापत कापत आठ ओळींवर आणायचा होता. खातेदारांच्या जागी अ, ब, क, डेटाबेसचं नाव नाही, फक्त लिटर गुणिले दर. जाणते प्रोग्रामर प्रश्न असाच मागतात, तो वाचायला सोपा जातो म्हणून. आपला फायदा असा, की उघडं पडायला त्यात काही उरतच नाही. आणि कापताकापताच चूक सापडते, बऱ्याचदा विचारायचीही वेळ येत नाही.

तुमच्या घरात असं प्रोग्राम लिहिणारं कुणी असेल तर त्याला एवढं सांगा: खुशाल विचार, लाजू नको, पण टाकायच्या आधी फाइलचा रस्ता, पासवर्ड आणि लोकांची नावं खोडून टाक. आणि सेवा केंद्रात ओटीपी सांगायची वेळ आली तर आकडे मोठ्यानं वाचू नका, मोबाइल तिथल्या पोराच्या समोर धरा.