पाच वॉटचा यजमान आणि पासष्ट वॉटचा पाहुणा

डोंगरमाथ्यावर किंवा मोकळ्या माळावर जाऊन, विजेच्या खांबाशी असलेले सर्व नाते तोडून, स्वतः वाहून नेलेल्या बॅटरीवर जगाशी बोलणे, या प्रकाराला हौशी रेडिओच्या व्यवहारात ‘पोर्टेबल’ म्हणतात, आणि त्यामागचे तत्त्वज्ञान स्वावलंबनाचे आहे असे या छंदाचे जाणकार मानतात. प्रस्तुत लेखक स्वतःला त्या जाणकारांत गणत असल्यामुळे, आणि स्वावलंबन या विषयावर त्याने न विचारता दोन व्याख्याने दिलेली असल्यामुळे, लॅपटॉप नावाच्या एका यंत्राने या तत्त्वज्ञानाची जी शोभा केली तिचे विवेचन करण्यास त्याच्याइतका अधिकारी पुरुष सापडणे कठीण आहे.

मूळ विषमता आकड्यांतच आहे. 5 वॉट किंवा त्याहून कमी शक्तीच्या प्रक्षेपणाला ‘क्यूआरपी’ म्हणतात, आणि एवढ्या शक्तीवर, आयनांबराची कृपा असेल तर, समुद्रापलीकडचा माणूसही ऐकू शकतो. असा छोटा रेडिओ नुसता ऐकत बसलेला असताना सुमारे 5 वॉट खातो. बोलताना त्याची भूक पंचवीसच्या आसपास जाते, पण ती बोलण्यापुरतीच. शेजारी ठेवलेला लॅपटॉप मात्र काही करो वा न करो, वीस ते तीस वॉट खात राहतो, आणि त्याचा ॲडॅप्टर तर 65 वॉटचा मान घेऊन आलेला असतो. थोडक्यात, यजमान मिताहारी असून पाहुणा पंगत संपवणारा आहे.

हा पाहुणा बोलावलाच का, या प्रश्नाला एक शास्त्रीय उत्तर आहे आणि एक खरे. शास्त्रीय उत्तर ‘एफटी-8’ हे होय. जोड-पल्सारच्या शोधासाठी 1993 सालचे नोबेल पारितोषिक मिळवणारे जोसेफ टेलर आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह फ्रँके यांनी 2017 मध्ये ही पद्धत आणली. तीत दोन्ही टोकांचे संगणक पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी आठ सूर वापरून अगदी त्रोटक मजकूर पाठवतात, आणि कानाला निव्वळ खरखर वाटावी अशा आवाजातूनही तो मजकूर वेचून काढतात. खरे उत्तर असे, की वहीत पेन्सिलीने नोंदी करणारा माणूस गडावर येणाऱ्या पर्यटकांना हिशेबनीस वाटतो, तर पडद्यावर सरकणाऱ्या रंगीत रेघांकडे गंभीरपणे पाहणारा माणूस शास्त्रज्ञ वाटतो.

शास्त्रज्ञ दिसण्याचा पहिला खर्च इन्व्हर्टरने वसूल केला. रेडिओला 12 ते 14 व्होल्ट लागतात, तेवढे बॅटरी देते. लॅपटॉपला साधारण 19 व्होल्ट लागतात, तेवढे ती देत नाही. यावर लेखकाने काढलेला तोडगा असा, की बॅटरीच्या 12 व्होल्टचे इन्व्हर्टरने घरगुती 230 व्होल्ट करायचे, आणि त्या 230 व्होल्टचे लॅपटॉपच्या ॲडॅप्टरने पुन्हा 19 व्होल्ट करायचे. एकदिश प्रवाहाला प्रत्यावर्ती करून पुन्हा एकदिश करण्याच्या या क्रियेला मराठीत द्राविडी प्राणायाम असा नेमका पारिभाषिक शब्द फार पूर्वीपासून उपलब्ध आहे, आणि प्रत्येक वळणावर काही वीज उष्णतेच्या रूपाने दक्षिणा म्हणून ठेवून घेतली जाते. सात अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत नाममात्र 84 वॉट-तास असतात. तिचे आयुष्य टिकवायचे तर त्यातील निम्मेच वापरावेत असा संकेत आहे, आणि पॉयकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने 1897 मध्येच दाखवून दिले आहे की अशी बॅटरी घाईने रिकामी केली तर ती कबूल केलेल्यापेक्षा कमी देते. दोन किलोंहून जड असलेला हा ठोकळा लॅपटॉपला जेमतेम तासभर पोसतो, हे गणित लेखकाला घरी बसूनही करता आले असते. परंतु त्याने ते सिंहगडावर, प्रयोगाने सिद्ध केले.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे, कारण लॅपटॉप आणि वीज यांचा विवाह हा विषय दुर्लक्षित राहिला आहे. लॅपटॉपच्या तोंडी जाणारी गोल पिन सर्वत्र सारखी दिसते. पण तिचा बाहेरचा व्यास कुठे 5.5 तर कुठे 4.5 मिलिमीटर असतो, आतले छिद्र कुठे 2.1 तर कुठे 2.5, आणि अर्ध्या मिलिमीटरवरून सोयरीक मोडते. काही घराणी मापे जुळूनही समाधान पावत नाहीत: त्यांच्या पिनेच्या मध्यभागी एक बारीक काडी असते, तिच्यावरून लॅपटॉप ॲडॅप्टरला कुळ विचारतो, आणि उत्तर पटले नाही तर वीज घेतो पण पोटातली बॅटरी भरून घेत नाही, म्हणजे कांदेपोहे खातो पण पसंती कळवत नाही. यूएसबी-सी या नव्या रीतीत मात्र रीतसर बैठक बसते. आरंभी फक्त 5 व्होल्ट, हा चहा. मग चार्जर आपली यादी वाचतो, 5, 9, 15, 20. लॅपटॉप बहुधा शेवटच्या आकड्यावर बोट ठेवतो, चार्जर होकार भरतो, आणि त्यानंतरच अक्षता पडतात. देवघेव 3 अँपिअरच्या वर जाणार असेल तर केबल या मध्यस्थालाही आपली ओळख सांगणारी चिप अंगावर बाळगावी लागते, कारण मध्यस्थ कच्चा निघाला तर दोन्ही घरे तापतात, हा अनुभव विद्युतशास्त्राहून जुना आहे. ही सारी बोलणी डोळ्याचे पाते लवेपर्यंत उरकतात. प्रस्तुत लेखकाच्या स्वतःच्या विवाहात केवळ विहिणींच्या साड्यांवर दोन दुपारी खर्ची पडल्या होत्या, आणि त्या बैठकीचा निकाल व्होल्टांत सांगता येण्यासारखा नाही.

लेखकाचा लॅपटॉप कुळ विचारणाऱ्या जुन्या घराण्यातला होता. इन्व्हर्टरच्या अनुभवानंतर त्याने 12 व्होल्टचे थेट 19.5 व्होल्ट करणारे एक स्वस्त परिवर्तक मिळवले आणि मोठ्या बॅटरीसह पुन्हा सिंहगड गाठला. म्हणजे, सत्य सांगायचे तर, वाहनतळापर्यंत मोटारीने गाठला. लॅपटॉपने वीज घेतली, पसंती कळवली नाही. आणि रेडिओवर एक अखंड भुणभुण सुरू झाली. असे परिवर्तक सेकंदाला लक्षावधी वेळा विजेची उघडझाप करून व्होल्ट वाढवतात, आणि त्या उघडझापीचे पडसाद तिच्या पटींमध्ये दूरवर उमटतात. मूळ वारंवारता 100 किलोहर्ट्झ असेल तर तिची 71 वी पट बरोबर 7.1 मेगाहर्ट्झवर, म्हणजे हौशी मंडळींच्या चाळीस मीटर पट्ट्याच्या मध्यावर येऊन बसते. केबलचे वेढे फेराइटच्या कड्यात घालून हा त्रास कमी करता येतो. ते कडे घरी टेबलावर सुरक्षित होते. परिवर्तक बंद केल्यावर लॅपटॉप चाळीस मिनिटांत विझला. पूर्वी लॅपटॉपची बॅटरी खटका दाबून काढता येई आणि दुसरी बसवता येई. ती सोय दोन मिलिमीटर बारीकपणासाठी ज्यांनी डिंकाने चिकटवून टाकली, त्यांच्याविषयी ग्रंथाच्या भाषेत लिहिणे लेखकाला अजून साधलेले नाही.

पन्नास पावलांवर पिठलं-भाकरीची टपरी होती, आणि तिच्यात दिवा जळत होता. टपरीवाल्या मावशींनी वायरींच्या त्या गुंत्याकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, “दादा, हितं लावा की पिन. काय बिल येतंय त्याचं?” लेखकाने नम्रपणे नकार दिला, आणि खांबावरची वीज न वापरणे हाच या खेळाचा नियम असून त्यातच त्याची प्रतिष्ठा आहे, हे त्यांना सविस्तर समजावले; व्याख्यान क्रमांक तीन म्हणून त्याची नोंद व्हावी. मावशींनी ते पूर्ण ऐकून घेतले. “म्हंजी वीज असून घ्यायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “आवं, तेवढ्यासाठी एवढं वर कशाला आलात? आमच्या वाडीत यायचं. रातीची जाती ती सकाळीच येती. पोरीनं दहावी त्याच्यावरच काढली.” त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आमंत्रण होते.

स्वावलंबनावरील दोन्ही व्याख्यानांत हा मुद्दा आलेला नव्हता. अभाव आठवड्यातून एक दिवस, टोपी घालून आणि डबा घेऊन अनुभवला की तो छंद ठरतो, आणि तोच रोज रात्री पुस्तकावर उतरला की त्याला भारनियमन म्हणतात. दोहोंतला फरक एवढाच, की पहिल्यातून संध्याकाळी मोटारीने घरी जाता येते. बॅटरीच्या वॉट-तासांचा काटेकोर हिशेब मांडणाऱ्या माणसाने हा हिशेब कधी मांडला नव्हता, याची खंत त्याला त्या दिवशी वाटली, आणि ती भुणभुणीसारखी बंद करता आली नाही.

मावशी भाकऱ्यांचा हिशेब टपरीच्या पत्र्यावर खडूने मांडत असत. लेखकाने त्यांच्याकडून खडूचा तुकडा मागून घेतला, लॅपटॉपची पाठ वर करून तो मांडीवर ठेवला, आणि केवळ आवाजाच्या जोरावर, पाच वॉटवर, दुपारपर्यंत चार संपर्क साधून त्या काळ्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नोंदवले. शेवटच्या संपर्कात पलीकडच्या वयस्कर सद्गृहस्थांनी, नोंदणीसाठी कोणता संगणक वापरता, असे कुतूहलाने विचारले असता लेखकाने त्याचे नाव आणि मॉडेल क्रमांक सांगितला, आणि त्यात अक्षरही खोटे नव्हते.