परसदारी तलाव कसा बांधावा

अलिबाग, कर्जत, मुळशी, लोणावळा या पट्ट्यात ज्याने बिनशेती प्लॉट घेतला, कंपाउंड घातले, हापूसची चार कलमे लावली आणि तरीही ज्याच्या जिवाला स्वस्थता नाही, अशा गृहस्थासाठी हे मार्गदर्शन आहे. त्याला आता अंगणात पोहण्याचा तलाव हवा असतो. त्याला पोहता येते का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत, किंवा पुण्याच्या टिळक टँकवर कुणीतरी मागून ढकलून दिल्यामुळे जे पोहायला शिकले, ते सहसा तलाव बांधण्याच्या भानगडीत पडत नाहीत. ते दुसऱ्याच्या तलावात पोहतात.

इच्छुकाने कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी. ठेकेदाराशी घासाघीस करता येते, आर्किटेक्टशी वाद घालता येतो, ग्रामपंचायतीत चहा पिता येतो. पाण्याशी यातले काहीच करता येत नाही. ते आत ठेवायचे असते तेव्हा बाहेर जाते, बाहेर ठेवायचे असते तेव्हा आत येते, आणि दोन्हीतले काही जमले नाही तर वाफ होऊन उडून जाते किंवा हिरवे पडते.

सर्वप्रथम जागा. पाणी ईशान्येला असावे असे वास्तुशास्त्र सांगते. प्लॉटच्या ईशान्येला नेमका शेजाऱ्याचा फणस असतो, त्याच्या अर्ध्या फांद्या कंपाउंडच्या अलीकडे असतात आणि पाने तर सगळीच अलीकडे पडतात. तरी तलाव ईशान्येलाच होतो. मग जेसीबी येतो. मुळशीच्या बाजूला काळी माती लागली तर ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणजे वर बांधलेली वस्तू वर्षातून दोनदा ढकलून पाहते. ती काढून खाली मुरमापर्यंत जावे लागते. कोकणात जांभा लागतो. तो खोदायला सोपा, पण सच्छिद्र. पावसाळ्यात शेजारच्या वाडीतले पाणी जांभ्यातून पाझरत इच्छुकाच्या खड्ड्यात येते आणि खड्डा काहीही न बांधताच भरतो. या टप्प्यावर थांबले तर खर्च पुष्कळ वाचेल. पण कुणी थांबत नाही.

परवानगीच्या बाबतीत दोन विचारप्रवाह आहेत. एक म्हणजे ती घ्यावी. दुसऱ्याच्या अनुयायांनी किहीमची आठवण ठेवावी: तिथल्या किनाऱ्यावरचा नीरव मोदीचा बंगला किनारपट्टीचे नियम मोडल्याबद्दल 8 मार्च 2019 रोजी सुरुंग लावून पाडण्यात आला. तलाव लपवणे तर बंगला लपवण्याहून कठीण, कारण तो वरून चकचकीत निळा दिसतो. ग्रीसमध्ये अथेन्सच्या उत्तरेकडच्या श्रीमंत उपनगरांत 324 घरमालकांनीच आपल्याकडे तलाव असल्याचे करखात्याला कळवले होते. 2010 च्या सुमारास खात्याने उपग्रहाची छायाचित्रे काढून मोजणी केली, तेव्हा 16,974 तलाव भरले. फ्रान्सच्या करखात्याने 2022 मध्ये हेच काम संगणकावर सोपवले आणि नोंद नसलेले वीस हजारांवर तलाव हुडकून काढले. इच्छुकाला हिरव्या शेडनेटचा मोह होणे स्वाभाविक आहे, परंतु शेडनेट घातलेल्या तलावाचा फोटो चांगला येत नाही.

आता आकार. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद आणि सरासरी 1.4 मीटर खोल हा घरगुती तलावाचा बेताचा आकार. एवढ्यात जवळपास 45 हजार लिटर पाणी मावते, म्हणजे दहा हजारी टँकरच्या पाच खेपा. अलिबागेत किनाऱ्यालगतच्या विहिरी ऐन उन्हाळ्यात मचूळ होतात, त्यामुळे तलाव जेव्हा हवासा वाटतो नेमक्या त्याच महिन्यात तो भरायला पाणी नसते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी 'जलदूत' गाडी निघाली, तेव्हा तिच्या एकेका वाघिणीत पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी होते. म्हणजे इच्छुकाचा तलाव ही साधारण एक वाघीण झाली. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, खेळपट्ट्यांवर मारायच्या पाण्यावरून. परसदारच्या तलावांबद्दल तेव्हा कुणी काही बोलले नाही. कंपाउंडची भिंत उंच असण्याचा हा एक फायदा.

बांधकाम अनेक प्रकारे होते. कॅलिफोर्नियात घरोघर तलाव झाले, ते मुख्यतः नळीतून काँक्रीट फवारण्याच्या तंत्रामुळे. हे यंत्र कार्ल एकली नावाच्या गृहस्थाने 1907 मध्ये शिकागोच्या संग्रहालयात तयार केले. संग्रहालयाच्या इमारतीचा गिलावा झडत होता, त्यावर त्याने हा उपाय काढला. एकलीचा मूळ धंदा मेलेले प्राणी पेंढा भरल्यासारखे उभे करण्याचा. त्याने उभे केलेले दोन आफ्रिकी हत्ती त्या संग्रहालयात आजही झुंजत आहेत. आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी सळया बांधून, फळ्या ठोकून साधे काँक्रीट ओततात. त्यात हत्ती नाही, पण गळती आहे.

गळतीवर उपाय वॉटरप्रूफिंग. मोहेंजोदडोच्या गवंड्यांनी साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी बारा मीटर लांब, सात मीटर रुंद स्नानकुंड बांधले, तेव्हा विटा काटेकोर जुळवल्या आणि मागे नैसर्गिक डांबराचा थर दिला. हल्ली डब्यातून रसायन येते आणि डब्यावर दहा वर्षांची हमी छापलेली असते. ती कोणाकडून वसूल करायची, हे छापलेले नसते. म्हणून टाइल्स लावण्यापूर्वी टाकी पूर्ण भरून आठवडाभर तशीच ठेवावी आणि पातळीवर पेन्सिलीने खूण करावी. पातळी उतरली की ठेकेदार सांगतो, "साहेब, उन्हाने उडालं." यात निम्मे सत्य असते, म्हणूनच ते धोक्याचे. दिवसाला अर्धा सेंटिमीटर पाणी उडाले तरी एवढ्या पृष्ठभागावरून 160 लिटर जाते. खरेखोटे करायचे असेल तर पाण्याने भरलेली बादली तलावाच्या पहिल्या पायरीवर, काठ पाण्याच्या वर राहील अशी ठेवावी. आत-बाहेर पाणी एकाच पातळीला आणून दोन्ही ठिकाणी खूण करावी. दोन दिवसांनी दोन्ही पाणी सारखेच उतरले तर ठेकेदार सज्जन आहे. तलावाचे जास्त उतरले, तर ठेकेदाराचा फोन आधी लावून बघावा; तो बहुधा कव्हरेजच्या बाहेर असतो.

एवढ्यावर भागत नाही. पावसाळ्यात तलाव कोण वापरणार, म्हणून जूनमध्ये तो उपसून कोरडा ठेवण्याची कल्पना अनेकांना सुचते. ती अमलात आणू नये. कोकणात जुलैमध्ये जमिनीतले पाणी कधीकधी अगदी वर येते. तेव्हा रिकामी टाकी जमिनीत रुतलेल्या होडीप्रमाणे वागते. वरच्या आकाराच्या टाकीला चारी बाजूंनी पाणी लागले तर ते तिला साठ टनांच्या आसपास जोराने वर उचलते, आणि काँक्रीटच्या त्या टाकीचे स्वतःचे वजन चाळीस टनही भरत नाही. मग टाकी उचलली जाते, टाइल्स तडकतात, पाइप मोडतात आणि डेक एका बाजूने वर येतो. आर्किमिडीजला हे अंघोळीच्या टबात कळले होते. इच्छुकाला सोमवारी सकाळी केअरटेकरच्या फोनवरून कळते. यावर उपाय दोन: तळाला दाब सोडणारी झडप बसवणे, आणि तलाव भरलेला ठेवणे. म्हणजे लोणावळ्यात, जिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तिथे भर पावसात तलाव भरलेला आहे की नाही याची काळजी करत बसणे.

एका ठिकाणी मात्र थट्टा बाजूला ठेवावी लागते. तळाच्या जाळीतून पंप पाणी ओढतो, आणि ती ओढ माणसाला धरून ठेवण्याइतकी असू शकते. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात 2002 मध्ये स्पाच्या तळाच्या जाळीला अशीच खेचली जाऊन बुडाली. तिच्या नावाने 2007 मध्ये तिथे कायदा झाला. जाळी एकच नसावी, एकमेकींपासून अंतर राखून दोन असाव्यात, आणि त्या फुगीर, न चिकटणाऱ्या असाव्यात. कुंपणाचेही तसेच. ऑस्ट्रेलियात तलावाभोवती किमान 1.2 मीटर उंच अडसर आणि आपोआप बंद होणारे फाटक सक्तीचे आहे. आपल्याकडे आर्किटेक्ट म्हणतो, रेलिंगने व्ह्यू जातो. जाऊ द्यावा. लहान मूल बुडताना ओरडत नाही.

तलाव झाला की शेजारी जकुझी हवीच. हे आडनाव आहे. इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेले जकुझी बंधू विमानाचे पंखे बनवत, पुढे विमानेही बनवू लागले. 1921 मध्ये त्यांचे एक विमान कोसळले, त्यात एक भाऊही गेला. मग घराण्याने विमानांचा नाद सोडून पाण्याच्या पंपांकडे मोर्चा वळवला. घरातल्या एका मुलाला संधिवात होता. त्याला घरच्या टबात शेक मिळावा म्हणून केलेला पंप 1956 मध्ये बाजारात आला, आणि 1968 मध्ये रॉय जकुझीने फवारे आतच बसवलेला टब काढला. अशा रीतीने विमान पडले म्हणून कर्जतच्या एका बंगल्यात बुडबुडे निघतात.

स्पाचे पाणी 40 अंशांपेक्षा जास्त गरम ठेवू नये आणि त्यात पंधरा-वीस मिनिटांहून जास्त बसू नये. दीड हजार लिटर पाणी 27 अंशांवरून 40 वर न्यायला 23 युनिट वीज जाते, तीही काही वाया गेली नाही तर. मे महिन्यात, बाहेरच घामाची अंघोळ चालू असताना, त्यात बसायला एक वेगळी निष्ठा लागते. वज्रेश्वरीला, गणेशपुरीला आणि पालीजवळ उन्हेऱ्याला जमीन हेच काम बिल न पाठवता करते, पण तिथे आपल्या कुटुंबाखेरीज इतरही लोक असतात.

रसायनांचे प्रकरण लांबवण्यासारखे आहे, पण थोडक्यात आटोपलेले बरे. पीएच 7.2 ते 7.8, मोकळा क्लोरीन दर लिटरला एक ते तीन मिलिग्रॅम. तलावाला 'क्लोरीनचा' उग्र वास आला की पाहुणे म्हणतात, पाणी अगदी स्वच्छ दिसतेय. तो वास क्लोरीन आणि घाम, तसेच ज्याचा उल्लेख पाहुण्यांसमोर करत नाहीत ते, यांच्या संयोगाचा असतो. वास उग्र तितका क्लोरीन अपुरा. दोन दिवस वीज गेली, पंप बंद राहिला आणि वर ऊन पडले की पाणी तिसऱ्या दिवशी हिरवे. केअरटेकर मोरचूद टाकतो. मोरचूद जास्त झाला की शेवाळ जाते आणि पाहुण्या बाईंचे रंगवलेले सोनेरी केस हिरवट होतात.

हा सगळा खर्च अंगावर आला की शेवटची पायरी आपोआप येते: बंगला 'विथ प्रायव्हेट पूल' म्हणून भाड्याने देणे. फाटकावर पाटी लागते. नायलॉनचे कपडे सक्तीचे. तलावाजवळ काचेच्या बाटल्या नकोत. साउंड दहानंतर बंद. डिपॉझिट नियमांचे पालन झाल्यास परत. उन्हाळ्याच्या सुट्टीतले शनिवार-रविवार मार्चमध्येच भरतात, त्यामुळे स्वतः मालकाला जागा मिळते ती बुधवारी. बुधवारी केअरटेकर बॅकवॉश घेतो, पावडर टाकतो आणि मालकाला सांगतो की आज पाण्यात उतरू नका.