आधी तिची गोळी, मग त्याचं रक्त

बलात्काराचा गुन्हा शाबीत झाला, शिक्षा लागली, की पीडितेच्या मागणीवरून गुन्हेगाराची एचआयव्ही तपासणी सक्तीनं करा, अशी मागणी अधूनमधून होत असते. ऐकताक्षणी पटते. माझाही तिला विरोध नाही. पण ती तपासणी होईल तेव्हा त्या बाईच्या हाती काय लागेल? काहीच नाही.

एचआयव्हीची लागण रोखणारी औषधं आहेत. डॉक्टर त्यांना 'पेप' म्हणतात. ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, शक्यतो पहिल्या दोन तासांतच, आणि पुढे २८ दिवस एकही खाडा न करता घ्यावी लागतात. ७२ तास उलटले की त्यांचा भरवसा संपला. खटल्याला किती वेळ लागतो, हे जळगाव किंवा धुळ्याच्या कोर्टाबाहेर चहा पिणाऱ्या कुठल्याही पक्षकाराला विचारा. वर्षं जातात. मग अपील. शिक्षेनंतर केलेली तपासणी म्हणजे वेळ निघून गेल्यावर केलेली तपासणी.

जळगावला तर हे वेगळं सांगायला नको. १९९४ साली इथलं वासनाकांड उघडकीला आलं. मुलींना जाळ्यात ओढायचं, फोटो काढायचे, त्या फोटोंची धमकी देऊन पुन्हा पुन्हा बोलवायचं. राजकारणात वजन असलेल्या माणसांची नावं आली, तपासाला अरविंद इनामदारांसारखा पोलीस अधिकारी पाठवावा लागला. तरी कित्येक मुली पुढे आल्याच नाहीत आणि कित्येक आरोपी सुटले. 'शिक्षा झालेल्याची तपासणी' हा नियम त्या वेळी असता, तर ज्यांचे आरोपी सुटले त्या मुलींनी कुणाचं रक्त मागायचं होतं? आणि ज्या पोलीस ठाण्यापर्यंत पोचल्याच नाहीत, त्यांनी? एड्सच्या नावानं महाराष्ट्र भेदरलेला होता ते हे दिवस. सरकारी दवाखान्यात एचआयव्हीची औषधं फुकट मिळू लागली ती २००४ च्या एप्रिलपासून. त्या मुलींनी ती भीती एकटीनं गिळली असेल.

दुसऱ्या देशांनी यातून काही शिकून घेतलं. अमेरिकेत सुरुवातीला शिक्षा झालेल्याचीच तपासणी होती. पुढे तिथल्या कायद्यानं राज्यांना सांगितलं, आरोप ठेवल्यापासून ४८ तासांत करा. दक्षिण आफ्रिकेनं २००७ च्या कायद्यात दोन्ही गोष्टी एकत्र लिहिल्या. ७२ तासांत आलेल्या पीडितेला सरकारी खर्चानं औषध, आणि संशयिताची तपासणी मागायचा हक्क. हा क्रम मला पटतो.

आपल्याकडे २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात संमतीशिवाय तपासणी करता येत नाही. मात्र खटल्यातला मुद्दा ठरवायला गरज असेल तर न्यायालय आदेश देऊ शकतं. बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यात, अत्याचारातून बालकाला एचआयव्ही झाला तर तो गंभीर गुन्हा ठरतो, किमान शिक्षा २० वर्षं. तिथं आरोपीचं रक्त तपासणं हा पुराव्याचाच भाग. पण 'मला कळलं पाहिजे' म्हणून पीडितेला स्वतःच्या नावानं मागता येईल असा सरळ हक्क या दोन्ही कायद्यांत नाही. तो असावा. अटक झाल्याबरोबर, न्यायालयामार्फत, आणि निकाल फक्त तिला आणि तिच्या डॉक्टरला. गावभर करायला नाही. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून कोंडून ठेवलं होतं. एचआयव्ही असणं हा गुन्हा नाही, बलात्कार हा गुन्हा आहे. या दोन्हींची सरमिसळ झाली की त्रास होतो तो गावातल्या निरपराध रुग्णांना.

आणि आरोपीच्या तपासणीच्या निकालावर फार विसंबूही नये. लागण ताजी असेल तर तपासणी निगेटिव्ह येऊ शकते. चार वर्षांनी पॉझिटिव्ह आली तर त्या रात्री तो पॉझिटिव्ह होता, हेही त्यावरून ठरत नाही. म्हणून डॉक्टरांनी आरोपी सापडायची वाट पाहायची नसते. बाई आली, औषध सुरू. मग तिच्याच तपासण्या ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा. तिला लागण झाली की नाही, हे तिच्याच रक्तातून कळणार आहे.

आता आपल्याकडचं बघा. साक्रीहून धुळं पन्नासेक किलोमीटर, चोपड्याहून जळगावही तेवढंच. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून आधी तालुक्याला यायचं, तिथून सिव्हिलला. तालुक्याच्या दवाखान्यात ऐकायला मिळतं, 'आधी पोलीस केस करा.' ठाण्यात तास जातात. नातेवाईक अब्रूचा विचार करतात, त्यात रात्र जाते. कुणी समेटाचा निरोप घेऊन येतं, त्यात दुसरा दिवस. घटना सोमवारची असेल तर गुरुवारी बाई डॉक्टरपुढे बसते, आणि तिथंही जखमा बघून, नमुने घेऊन तिला परत पाठवलं जातं. नमुने खटल्यासाठी. तिच्यासाठी काय?

कायदा इथं लेचापेचा नाही. पीडितेवर तातडीनं, मोफत उपचार करणं सरकारी-खासगी प्रत्येक दवाखान्याला बंधनकारक आहे. नाकारले तर भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंत कैद आहे. पोक्सोच्या २०२० च्या नियमांत एचआयव्ही रोखणाऱ्या औषधाचा उल्लेख स्पष्ट आहे, आणि उपचाराआधी कुठलाही पोलिसी किंवा न्यायालयीन कागद मागायचा नाही, हेही लिहिलेलं आहे. त्यामुळे शिरपूर, साक्री, यावल, रावेर, चोपडा, प्रत्येक ठिकाणच्या ग्रामीण वा उपजिल्हा रुग्णालयात पहिल्या काही दिवसांच्या गोळ्या रात्री-बेरात्रीही हाताशी हव्यात. कपाटाची किल्ली रजेवरच्या माणसाकडे नको. दोन्ही जिल्ह्यांच्या शल्यचिकित्सकांनी हे स्वतः जाऊन तपासावं.

आशाताई, पोलीस पाटील, अंगणवाडीच्या बाई, शाळेतले गुरुजी, तुमच्याकडे अशी मुलगी किंवा बाई आली तर तिला आधी दवाखान्यात न्या. तक्रार लिहून व्हायची वाट पाहू नका. दवाखान्यात स्पष्ट शब्दांत मागा, 'एचआयव्ही होऊ नये म्हणून देतात ती गोळी द्या.' नाही म्हणाले तर नकार लेखी मागा. शंका असेल तर १०९७ हा एड्स नियंत्रणाचा मोफत क्रमांक आहे. तो आजच फोनमध्ये नोंदवून ठेवा.