उत्साह : पाचपैकी दोन

माझ्या भाचीचा उत्साह मोजून आला आहे. पाचपैकी दोन भरला.

मोजणी पुण्यातल्या एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये झाली. फॉर्मवर सहा रकाने होते. अचूकपणा पाच, वेळेत काम पाच, विषयाचं ज्ञान चार, हजेरी पाच, सहकार्य चार आणि सगळ्यात शेवटी उत्साह, दोन. बेरीज पंचवीस. तीसपैकी पंचवीस म्हणजे त्र्याऐंशी टक्के, आमच्या काळी एवढ्यावर पेढे वाटत. पण कंपनीचा नियम असा की प्रत्येक रकान्यात किमान तीन हवेत. म्हणून सहा महिन्यांचं प्रोबेशन आणखी तीन महिन्यांनी वाढलं. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस असत, या मंडळींनी नऊ महिने करून दाखवले.

तिच्या साहेबांना मी पाहिलेलं नाही. पाहायची गरजही नाही. तुम्हीसुद्धा त्यांच्या हाताखाली कधी ना कधी काम केलेलंच आहे. माझं दार सगळ्यांना उघडं म्हणायचं आणि आत गेलेल्याशी मोबाइलमध्ये बघत बोलायचं. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, खांद्याला बॅग लावलेल्या माणसाला ‘दोन मिनिटं आहेत का’ विचारायचं. सोमवारच्या मीटिंगमध्ये जुन्या कंपनीतला तोच तो किस्सा सांगायचा आणि किस्सा संपला की हसण्यासाठी थोडी जागा सोडायची. त्या जागेत माझी भाची हसत नाही. पहिल्यांदा हसली होती, असं ती शपथेवर सांगते.

“दोन म्हणजे नक्की काय गं?” मी फोनवर विचारलं.

“मामा, तीन म्हणजे काय हेच कोणी सांगत नाही, तर दोनचं काय घेऊन बसलास?”

मी मात्र दोनचंच घेऊन बसलो आहे. अचूकपणा मोजता येतो, चुका मोजल्या की झालं. हजेरी यंत्र मोजतं. उत्साह साहेबांनी कशाने मोजला? काखेत थर्मामीटर लावला? आणि मोजला तो कधी? महिन्याच्या चौदा तारखेला जीएसटीचं टूबी येतं आणि वीस तारखेच्या आत थ्री-बी भरायचं असतं. मधले दिवस ही पोरगी पुरवठादारांच्या चारशे ओळी आपल्या खरेदीच्या नोंदींशी जुळवत बसलेली असते. ज्या ओळी जुळत नाहीत त्यांचं क्रेडिट अडकतं, मग फोन, मग पुरवठादाराच्या सीएला फोन, मग तो सीए गावाला गेलेला. अशा वेळी माणसाचा चेहरा कसा दिसावा? भुवया जवळ आलेल्या असतात, ओठ मिटलेले असतात, आणि मधूनच स्वतःशी काहीतरी पुटपुटणं चालतं. हिशेब करणाऱ्या माणसाचा चेहरा असाच असतो आणि असाच असावा. बँकेचं स्टेटमेंट जुळवताना आनंदाने उजळणारा अकाउंटंट मी अजून पाहिलेला नाही. दिसला, तर माझी पासबुकं मी त्याच्यापासून लपवून ठेवीन. (हाच मिटलेला चेहरा पुरुषाचा असता तर फॉर्मवर ‘गंभीर आणि एकाग्र’ असा शेरा आला असता, हे भाचीचं म्हणणं. मी ते खोडायचा प्रयत्न केला नाही.)

तिच्या शेजारच्या टेबलावर एक तरुण बसतो. त्याचाही प्रोबेशनचाच काळ, उत्साह पाचपैकी पाच. त्याने एका पुरवठादाराचं एकच बिल दोनदा चढवलं. एकदा बिल नंबरात तिरपी रेघ घालून आणि एकदा न घालता, त्यामुळे सॉफ्टवेअरला ती दोन बिलं वाटली. पैसे जायच्या आदल्या दिवशी भाचीने ते पकडलं. साहेबांनी वर कळवलं, ‘आमच्या टीमने वेळीच लक्षात आणून दिले.’ तरुणाला म्हणाले, होतं असं. तरुण म्हणाला, “थँक्यू सर, खूप शिकायला मिळालं!” आणि तो कन्फर्म झाला. या मुलाविषयी माझ्या मनात काही नाही. तो किश्शाला योग्य जागी हसतो, एवढंच. तेही एक कौशल्य आहे आणि त्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो.

वाढीव तीन महिन्यांसाठी भाचीने उपाय केला. शिस्तीची मुलगी आहे, रकाना भरायचा तर भरायचा. तिने ईमेलमध्ये उद्गारचिन्हं वापरायला सुरुवात केली. ‘टीडीएस सात तारखेच्या आत भरला!’ ‘जुलैची बँक जुळली!’ इथवर ठीक होतं. मग तिने एका पुरवठादाराला कळवलं, ‘आपले पेमेंट थांबवण्यात आले आहे!’ तो गृहस्थ घाबरून दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून ऑफिसात हजर. लघुउद्योगांचे पैसे पंचेचाळीस दिवसांत दिले नाहीत तर त्या वर्षी तो खर्च आयकरात वजा मिळत नाही, म्हणून तिने अशा सगळ्या पुरवठादारांची तारीखवार यादी करून साहेबांना पाठवली. विषयाच्या ओळीत लिहिलं, ‘आपले सत्तेचाळीस पुरवठादार मुदत ओलांडणार!!’ ती यादी साहेबांनी स्वतःच्या नावाने वर पाठवली, उद्गारचिन्हं काढून. ऑडिटरने विचारलं, ही नोंद कशाची? तिने लिहिलं, ‘शोधते आहे!’ ऑडिटर अनुभवी होता, त्याने फोन करून विचारलं, मॅडम, काही मोठं निघालं का? सोमवारच्या मीटिंगमध्ये तिने किश्शाला सगळ्यांत आधी हसायचं ठरवलं आणि किस्सा संपायच्या जरा आधीच हसली. गणपतीत ऑफिसच्या आरतीला टाळ हातात घेतला. व्हॉट्सॅपच्या ग्रुपवर साहेबांनी रोज सकाळी टाकलेल्या सुविचाराला फूल, हात जोडलेले, पुन्हा फूल अशी उत्तरं दिली. महिनाअखेर साहेबांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “तुझ्या लिहिण्यात जरा परिपक्वता हवी. एवढी एक्साइट होऊ नकोस.”

आता हे हसण्यावारी न्यायचं असेल तर न्या. माझं हसू इथे संपतं.

कारण त्या ‘दोन’मुळे काय काय थांबलं ते पाहा. पगारवाढ थांबली. आईवडिलांचा वैद्यकीय विमा कन्फर्मेशननंतर, म्हणजे तोही थांबला. आणि तिच्या वडिलांचा मोतीबिंदू काही हिच्या उत्साहाची वाट पाहत थांबलेला नाही. बँकेने गृहकर्जाच्या अर्जाला कन्फर्मेशनचं पत्र मागितलं, तिथेही गाडी अडली. ताप आला तेव्हा दोन दिवसांचा पगार कापला, का तर प्रोबेशनमध्ये पगारी रजा नाही असं नेमणुकीच्या पत्रात लिहिलं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ पगारी किरकोळ रजा आहेत, त्या दर तिमाहीला खात्यात जमा करायच्या असतात, आणि प्रोबेशनवर असलेल्याला त्यातून वगळा असं त्या कलमात कुठेही नाही. एचआरला हे सांगितलं तर उत्तर येतं, “आमची पॉलिसी वेगळी आहे.” कायद्याला पॉलिसी हे उत्तर! कापायच्या वेळी मात्र कोणाला प्रोबेशन आठवत नाही. पहिल्या पगारापासून बारा टक्के पीएफ कापला जातो. व्यवसाय कर दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, तोही पहिल्यापासून. सरकारदरबारी ही मुलगी पहिल्या दिवशीच पक्की झाली, कच्ची आहे ती फक्त साहेबांच्या केबिनमध्ये.

आणि नोटीस! प्रोबेशनमध्ये कंपनी तिला सात दिवसांत काढू शकते, तिने सोडायचं तर तीस दिवस द्यायचे, आणि कन्फर्म झाल्यावर नव्वद. हे तिने सही करताना वाचलं होतं. वाचून सही केली, कारण सही न करता नोकरी देणारी कंपनी तिला सापडली नाही.

माणूस पारखायला किती वेळ लागतो? १९४६ साली केंद्राने कारखान्यांसाठी नमुना स्थायी आदेश केले, त्यांत प्रोबेशनरची व्याख्या तीन महिन्यांत संपत होती. तेव्हा मुकादम नुसत्या डोळ्यांनी बघायचा. आज कार्ड घासल्याशिवाय दार उघडत नाही, छताला कॅमेरे आहेत, संगणकावर किती वेळ हात थांबला तेही कळतं, कुठली नोंद कोणी किती वाजता केली याचा माग राहतो. एवढं सगळं असून नऊ महिने पुरत नाहीत. किंवा पुरतात, आणि लांबवणं स्वस्त पडतं. वाढीव तीन महिन्यांत एका माणसाच्या विम्याचा हप्ता आणि पगारवाढ किती वाचते, हा हिशेब माझ्या भाचीने रात्री बसून केला. तो अचूक आहे, त्या रकान्यात तिला पाच आहेत.

आमच्या पिढीला एटीकेटी ठाऊक आहे. एका विषयात गचकलं की पुढच्या वर्गात बसून तो विषय पुन्हा द्यायचा. तिथे अपमान होता, पण रीतही होती. विषय कोणता, अभ्यासक्रम काय, पास व्हायला किती गुण लागतात हे छापलेलं असे. दहावीच्या पोरालासुद्धा आज उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पैसे भरून फेरमूल्यांकन करून घेता येतं. सीए इंटरचे दोन्ही ग्रुप पार केलेल्या सव्वीस वर्षांच्या बाईला मात्र आपली उत्साहाची उत्तरपत्रिका बघायला मिळत नाही.

तिने एचआरला लेखी विचारलं, उत्साह कमी असल्याची दोन उदाहरणं द्या. उत्तर आलं, सरांशी बोलून घे. सर म्हणाले, हे फील होतं. हातात आलेल्या पत्रात तर तेवढंही नाही: ‘आपला परिवीक्षा कालावधी तीन महिन्यांनी वाढविण्यात येत आहे.’ पूर्णविराम. हे पत्र इतकं कोरडं का, हे मला एका कामगार वकिलाने समजावलं. दोष कागदावर आला की तो सिद्ध करायची जबाबदारी येते. गैरवर्तनाचा ठपका ठेवून प्रोबेशनवरच्याला काढलं, तर चौकशी का केली नाही असं न्यायालय विचारू शकतं. ‘काम समाधानकारक नाही’ असं मोघम लिहिलं की बहुतेक वेळा निभावून जातं. म्हणून पत्र लिहिणारा हात जेवढा हुशार, तेवढा कागद कोरा. उत्साहाचा रकाना त्यासाठीच फार सोयीचा आहे. चूक दाखवा म्हटलं तर दाखवायला काही नाही, आणि खोडायचं म्हटलं तर खोडायलाही काही नाही.

नातेवाइकांचा सल्ला एकमुखी आहे: कळ काढ. आमच्या वेळी साहेब फाइल तोंडावर फेकायचे, आम्ही उचलून द्यायचो, असं सांगताना निवृत्त काकांचा चेहरा अभिमानाने फुलतो. मला या काकांची चीड येते. फाइल तोंडावर बसली तेव्हा तुम्ही पेन्शनवर डोळा ठेवून गप्प बसलात, ते एक वेळ समजू शकतो. तोच मार आता पोरांना संस्कार म्हणून का वाटता? या पोरांना पेन्शन नाही, युनियन नाही, ग्रॅच्युइटीला पाच वर्षं भरायची तर आधी पाच साहेब बदलतात. कळ काढायची ती कशासाठी, एवढं तरी सांगा.

मी तिला दिलेले सल्ले फार शौर्याचे नव्हते. साहेबांनी तोंडी काही सांगितलं की अर्ध्या तासात दोन ओळींची मेल टाकायची: आपण सांगितल्याप्रमाणे हे काम या तारखेपर्यंत करते आहे. तीन गुण मिळवायला काय लागेल ते लेखी मागायचं, उत्तर येणार नाही हे धरून चालायचं, कारण न आलेलं उत्तरसुद्धा तारखेसह जपून ठेवता येतं. नेमणुकीचं पत्र, पगारपत्रकं, प्रोबेशन वाढवल्याचं पत्र, सगळं घरी ठेवायचं. कंपनीच्या आकड्यांना हात लावायचा नाही. आणि दुसरी नोकरी बघायची, ऑफिसच्या लॅपटॉपवरून नव्हे. किश्शाला हसायचं की नाही हे तिने तिचं ठरवावं.

दुसरी नोकरी तिला मिळाली. राजीनामा दिला त्याच संध्याकाळी साहेब स्वतः उठून तिच्या टेबलापाशी आले, हे ऑफिसात पहिल्यांदाच घडलं. “अगं, तुझं कन्फर्मेशन झालंच आहे, फक्त पत्र द्यायचं राहिलं होतं.” दुसऱ्या दिवशी पत्र आलं, मागच्या महिन्याच्या एक तारखेचं. त्यात उत्साह एकदम चारवर गेला होता. मला वाटलं, माणूस निदान शरमला. भाची माझ्यापेक्षा नीट वाचते. कन्फर्म झाल्यावर नोटीस तीस दिवसांची नाही, नव्वद दिवसांची, हे तिने त्याच मिनिटाला ओळखलं.

तिने दोन ओळींची मेल केली. मागील तारखेचं पत्र मी स्वीकारत नाही. माझं प्रोबेशन अजून चालू असल्याचं आपलं पत्र सोबत जोडलं आहे, त्यानुसार तीस दिवस मोजावेत. एचआरने जोडलेलं पत्र उघडलं आणि विचारलं, हे असं पत्र तुला कोणी दिलं? खाली सही साहेबांची होती, शिक्का एचआरचा होता.

तीस दिवस मान्य झाले. थ्री-बीला उशीर झाला तर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज, त्यामुळे साहेबांनी कामाचं हस्तांतरण तातडीने सुरू केलं आहे. त्या पाचपैकी पाच वाल्या तरुणाला सध्या भाची टूबी जुळवायला शिकवते. तो प्रत्येक ओळ जुळली की “क्या बात है!” म्हणतो. आज अठरा तारीख आहे आणि त्याच्या चारशेपैकी चाळीस ओळी झाल्या आहेत.